ऑस्की फक्त विद्यार्थ्यांचीच का?

शुक्रवार, रात्री साडेदहा

बीएस्सी नर्सिंगच्या मुलांची ऑस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन ठरलेलं काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा, आज एकदाची संपली. गुण चढवून झाले, पाय ठणकताहेत, पण जे डोक्यात आहे ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

ही परीक्षापद्धत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीतून मांडली. आम्ही शिकत होतो तेव्हाची परीक्षा वेगळी होती: एक पेशंट, एक एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक), आणि त्यांचा त्या दिवशीचा मूड. कुणाच्या वाट्याला शांत पडून राहणारे आजोबा यायचे, तर कुणाला दर दहा मिनिटांनी सलाईन ओढून काढणारा पेशंट. ऑस्कीत स्टेशनं सगळ्यांना तीच, वेळ तेवढाच आणि चेकलिस्टही एकच. हे जास्त न्याय्य आहे, आणि मी त्याच्या बाजूने कायम भांडत आले आहे.

पण आज राईल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातून पोटात घालायच्या नळीच्या स्टेशनवर जे झालं ते मला सहन होत नाही. एका मुलीने डमीवर ट्यूब उत्तम घातली. नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत नीट मोजलं, खूण केली. मग सिरिंजने ओढून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, पीएच पेपर कुठे आहे?" ओढलेल्या द्रवाची आम्लता दाखवणारा तो कागद ट्रेमध्ये नव्हताच. चेकलिस्टवर होतं: हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकला, २ गुण. तिने हवा सोडली नाही. गुण गेले.

खरं तर बरोबर तीच होती. ट्यूब चुकून श्वासमार्गात किंवा अन्ननलिकेतच राहिली तरी तो बुडबुड आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. त्या आवाजावर विसंबून फीड सुरू केलं आणि ते फुफ्फुसात गेलं तर पेशंट दगावू शकतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच या चाचणीवर भरवसा ठेवू नका असं बजावलं होतं. पोटातून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली हवा, आणि शंका असेल तर एक्स-रे. ते दोन गुण मी संध्याकाळी भांडून परत द्यायला लावले.

त्या स्टेशनवरच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, आपल्याला असंच शिकवलं ना? वॉर्डात आजही सगळे हेच करतात." त्या मनापासून शिकवतात, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात, त्यामुळे राग त्यांच्यावर नाही. पण पेशंटला हात लावून त्यांना किती काळ लोटला असेल? लेक्चर, हजेरी, इन्स्पेक्शनच्या फायली यातच दिवस संपतो. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर जुळतं. खाटेजवळ त्या दहा जणांसोबत कुणी उभं असतं का, हा खरा प्रश्न आहे.

नसतंच बहुतेक वेळा. म्हणून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर दर मिनिटाच्या श्वासाचे आकडे बघा: १८, २०, २०, १८. वॉर्डभर सगळे पेशंट एकाच लयीत श्वास घेतात की काय! पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता, मनगट हातात धरून नाडी मोजत असल्यासारखं दाखवत श्वास मोजायचा हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहे, परीक्षेत ते करूनही दाखवतात. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. ऑस्की तिसऱ्या पायरीवर थांबते. पेशंटचा जीव चौथीवर अवलंबून असतो.

ती चौथी पायरी मी यंदा पालख्या पुण्यात मुक्कामी असताना पाहिली. नाना पेठेतल्या आरोग्य शिबिरात आमची मुलं बीपी बघायला बसली होती. बाहेर मोठी रांग, पावसाची भुरभुर. एक माउली चालत आल्या त्या थेट खुर्चीत, दम लागलेला. आमच्यापैकी एक मॅडम म्हणाल्या, "घे लवकर, रांग वाढतेय." त्या पोराने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, पाच मिनिटं बसू देत आजींना. नाहीतर उगाच जास्त दाखवेल." त्याने त्यांना पाठ टेकवून बसवलं, पावलं जमिनीवर ठेवायला लावली, हात टेबलावर छातीच्या पातळीत घेतला आणि मग कफ बांधला. आजींना गप्प बसा म्हणायचं मात्र त्याला जमलं नाही, त्या आळंदीपासूनची सगळी वाट सांगत होत्या. त्याच्यासमोर कुणीच चेकलिस्ट घेऊन बसलं नव्हतं.

आज स्टाफरूममध्ये मी स्पष्टच बोलले. मुलांच्या आधी त्याच स्टेशनांवरून आपण जायचं. तपासणार वॉर्डातल्या अनुभवी इन्चार्ज सिस्टर. गुण इन्क्रिमेंटला किंवा बढतीला जोडायचे नाहीत, नाहीतर कुणी मोकळेपणाने हात चालवणार नाही. आणि चेकलिस्ट दर वर्षी नव्याने तपासायची, जुन्याची झेरॉक्स काढायची नाही.

"मुलांना कळलं तर मान राहील का?" असं एकीने विचारलं. भीती खरी आहे, आपल्याकडे शिक्षकाने सगळं येतं असंच दिसायचं असतं. पण त्या शिबिरातल्या पोराला स्वतःपेक्षा जास्त येणारी मॅडम शेजारी हवी होती, आणि ती तिथे नव्हती. मानाचा विचार मला तिथूनच करावासा वाटतो.

प्राचार्यांनी होकार दिलाय, फक्त मुलांची सुट्टी असेल त्या शनिवारी घ्या म्हणाल्या. राईल्स ट्यूब, बीपी, श्वासमोजणी आणि हात धुणं एवढी चारच स्टेशनं सुरुवातीला पुरेत. पहिला नंबर मीच लावलाय. सोमवारी स्टोअरला पीएच पेपरचं इंडेंट द्यायचं आहे, आणि इन्चार्ज सिस्टरांची ड्युटी बघून वेळ ठरवायची आहे.