दोन वर्षांची गाडी आणि पोटाखालचा गंज

गाडीला दोन वर्षंही झाली नाहीत. चाक बदलायला वाकलो, तर मागच्या ॲक्सलवर तांबूस भुकटी! पोटात गोळाच आला.

स्टँड लावून (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, कधीच) टॉर्चने नीट पाहिलं. गंज होता वेल्डिंगच्या सांध्यांवर, बोल्टच्या डोक्यांवर आणि एक्झॉस्टवर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, आवाज टणक. पापुद्रे सुटत नव्हते, म्हणजे गंज वरवरचाच. ब्रेक डिस्कवरचा तर चार ब्रेक मारले की घासून जातो, तिकडे बघितलंच नाही.

ॲक्सल मात्र धुऊन, पूर्ण वाळवून तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने घासला. गॉगल घाला. मी पाच मिनिटं आळस केला आणि डोळा दिवसभर चुरचुरला. खाचांमध्ये ब्रश पोचेना, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला. त्यातल्या टॅनिक आम्लामुळे उरलेल्या गंजाचा काळा, घट्ट थर होतो. तांबड्याचं काळं होताना बघायला मजा येते, खरंच. दुसऱ्या दिवशी प्रायमर, मग रंगाचे २ हात.

रबरी अंडरकोटिंग मारलं नाही. त्याला चीर गेली की पाणी आत शिरून तिथेच मुरतं, आणि वरून सगळं छान दिसत राहतं. पोकळ भागांत मेणाचा स्प्रे मारला, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून.

एक्झॉस्ट अजून तांबूसच आहे. असू दे.