बोटनिवड, नोंद सहावी: टनेल नदीत पास, विनेबागोत नापास

विकत घ्यायच्या जुन्या ॲल्युमिनियम बोटींची यादी मागच्या नोंदीत तीनवर आली होती आणि 'ब' जवळपास ठरली होती. आता ती ठरलेली नाही. शनिवारी अमेरिकेतल्या लोअर विस्कॉन्सिन नदीवर 'ब'ने जे करून दाखवलं त्याला तोड नव्हती. रविवारी तीच बोट, तेवढंच वजन, फक्त पाणी विनेबागो तळ्याचं, आणि दर तिसऱ्या-चौथ्या लाटेला जेटने (प्रॉपऐवजी पाणी ओढून मागे फेकणाऱ्या पंपाने) हवा खाल्ली. मोटर किंचाळते, आरपीएमचा काटा लिमिटरला टेकतो, नाक खाली येतं, मग पकड येते आणि पुन्हा तेच.

उजळणी एकदाच: 'अ' म्हणजे १६४८ (१६ फूट लांब, ४८ इंच रुंद तळ), ०.१०० इंच पत्रा, वेल्डेड. 'ब' म्हणजे १७५६, ०.१२५ इंच पत्रा, वेल्डेड, उथळ टनेल (तळाला मागे, मोटरसमोर, वर वळवलेली पन्हळ), ६०/४० जेट (इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, जेटमधून मिळते ४०). 'क' म्हणजे साडेसोळा फुटी रिव्हेटची, खोल व्ही आकाराच्या तळाची, साध्या प्रॉपवर (पाण्यातल्या पंख्यावर). पाणी दोन प्रकारचं हवंय: प्री डू सॅकच्या धरणाखालची वाळूची नदी (हीच लोअर विस्कॉन्सिन), आणि वाऱ्यातलं विनेबागो.

आधी चांगली बातमी. 'ब' ट्रेलरसकट वजनकाट्यावर चढवली, मग नुसता ट्रेलर. फरक कागदावरच्या वजनापेक्षा फक्त २० पौंड जास्त निघाला आणि तो अँकर, दोरखंडातच संपला. म्हणजे डेकखालचा फोम कोरडा आहे. जुनी बोट घेताना ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी. १५०-२०० पौंडांचा फरक दिसला की फोम पाणी पिऊन बसलाय, मग रंग कितीही चकाचक असो, सौदा सोडायचा. दुसरी तपासणी डेकच्या प्लायवुडची: तांब्याचं मीठ मुरवलेलं, हिरवट छटेचं लाकूड थेट ॲल्युमिनियमला टेकलं असेल तर ओलाव्यात पत्र्याला खड्डे पडतात. इथे साधं मरीन प्लाय आहे, खाली रबराची पट्टी. आधीच्या मालकाला शाबासकी.

आता बुडीचा (बोट पाण्यात किती खोल बसते त्याचा) हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १७५६ चा पाण्याला टेकणारा भाग साधारण साडेतेरा फूट गुणिले ४.६७ फूट, म्हणजे ६३ चौरस फूट. एक इंच बुडायला तेवढ्या भागातलं एक इंच पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे साधारण ३२५ पौंड. बोट ५६०, मोटर २६५, १२ गॅलन पेट्रोल ७३, दोन बॅटऱ्या १००, दोन माणसं ३६०, सामान १३०: जवळपास १,४९० पौंड. सरासरी बूड साडेचार इंच. मागे वजन जास्त, म्हणून ट्रान्समपाशी (मोटर लागते त्या मागच्या उभ्या फळीपाशी) सहाच्या वर. हाच हिशोब 'क'ला लावा: डेडराइज (तळाच्या व्हीचा उतार) १६ डिग्री, अर्धी रुंदी २८ इंच धरली तरी कील (तळाची मधली रेघ) कडेपेक्षा आठ इंच खाली. 'ब'चे ६ डिग्री, म्हणजे तीन इंचही नाहीत. नदीसाठी 'क' इथेच बाद व्हायला हवी होती, पण तिच्या उंच बाजूंचा मोह सुटत नव्हता.

शनिवारी मस्कोडाच्या आसपास पाणी उतरलेलं होतं, वाळूचे पट्टे उघडे. प्लेनवर (वेगात पाण्याच्या पृष्ठावर उचललेली) असताना 'ब' पाच इंच पाण्यातून कुठेही न घासता गेली. पट्ट्याच्या कडेला पाण्याचा रंग चहावरून बिस्किटासारखा होतो, तिथे हात आपोआप थ्रॉटल मागे घ्यायला जातो. घ्यायचा नाही. जेट प्लेनवर असेपर्यंतच उथळ चालतं; वेग तोडला की ट्रान्सम बसतो, इनटेक (जेटचं पाणी ओढणारं तोंड) तळाशी येतो आणि वाळू थेट इम्पेलरमध्ये (जेटच्या आतल्या पंख्यात). दोन फुटांपेक्षा कमी पाण्यात मंद गती ठेवायची नाही. मोटर बंद, ट्रोलिंग मोटर (छोटी विजेची) वर उचलून, बांबूने ढकला. पुढे निघताना खोल खळग्यात बोट सरकवून मग एकदम थ्रॉटल.

त्यामुळे रविवारचा धक्का जास्त लागला. विनेबागो जवळपास ३० मैल लांब, १० मैल रुंद, पण सर्वात खोल जागा २१ फूट. उथळ पाण्यावर लांबून वारा आला की लाट लांबट होत नाही, उभी आणि आखूड होते. पश्चिमेचा वारा, ताशी १५ मैल, पूर्व काठावर, स्टॉकब्रिजच्या बाजूला दोन फुटांची लाट. तिथे हे रडगाणं सुरू झालं.

शब्दांचा घोळ आधी मिटवू, कारण सगळेच त्याला 'कॅव्हिटेशन' म्हणतात. कॅव्हिटेशनमध्ये दाब पडून पाण्याचीच वाफ होते. इम्पेलरची बोथट पाती, इनटेकची अडलेली जाळी ही त्याची कारणं. व्हेंटिलेशनमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. ओळखायची खूण सोपी: पहिला प्रकार सपाट पाण्यावर, उठतानाही दिसतो. दुसरा वळणावर आणि लाटेत. आपला दुसराच, पण पहिल्याचाही थोडा वाटा निघाला.

जाळी साफ होती. इम्पेलर आणि लायनर (त्याच्याभोवतीचं अस्तर) यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजली: ०.०५५ ते ०.०६० इंच. असायला हवी ०.०३० च्या जवळ. वाळूची नदी लायनर खातेच, त्यात नवल नाही. इम्पेलरच्या खालचे शिम (पातळ चकत्या) काढून वर घालत गेलं की तो निमुळत्या लायनरमध्ये खाली सरकतो, ०.०३२ वर थांबलो. हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहायचं, मगच नट कसायचा. पात्यांच्या पुढच्या धारा गोल झालेल्या. कानस फक्त खालच्या बाजूने चालवायची. वरच्या बाजूचा कोन बदलला की जोर गेला. बारीक दातांची सपाट कानस पुरते. ग्राइंडर घेऊन बसणाऱ्यांनी नवीन इम्पेलरचे पैसे बाजूला ठेवावेत. एवढ्याने बोट उभ्यावरून प्लेनवर यायला लागणारा वेळ नऊ सेकंदांवरून सहावर आला. छोटा विजय, पण गोड. लाटेतली हवा मात्र तशीच.

मग उंची. सरळ पट्टी टनेलच्या छताला लावून मागे काढली तर इनटेकची पुढची धार छतापेक्षा ३/८ इंच वर. कुणीतरी उथळपणाच्या हावेपोटी जॅक प्लेट (मोटर वर-खाली करायची पट्टी) चढवून ठेवलेली. सपाट पाण्यावर हे खपतं, कारण टनेलमधलं पाणी वेगात थोडं फुगून वर येतं. लाटेत ते फुगणं तुटतं. धार छताच्या पातळीला आणली. फरक लगेच: आता दर आठव्या-दहाव्या लाटेला, आणि डाव्या वळणावर नेमकी.

नेमकी डाव्याच का? ट्रान्सड्यूसर (खोली दाखवणाऱ्या सोनारचा संवेदक). टनेलच्या कडेपासून चार इंचांवर, सोनारचा ब्रॅकेट थेट पत्र्याला भोकं पाडून बसवलेला. त्याच्या मागे बुडबुड्यांची शेपटी निघते आणि डावीकडे वळताना ती सरळ इनटेकखाली येते. जेटच्या पुढे काहीही लोंबू द्यायचं नाही: ट्रान्सड्यूसर नाही, कीलची पट्टी नाही, ड्रेन प्लगचं बाहेर आलेलं डोकंसुद्धा नाही. ब्रॅकेट मध्यापासून २० इंचांवर नेला, तोही एचडीपीईच्या (जाड प्लॅस्टिकच्या) फळीवर स्क्रू करून, म्हणजे पुढच्या वेळी पत्र्याला भोक नको. फळी थ्री-एम ४२०० ने (नंतर काढता येणाऱ्या सीलंटने) चिकटवली. कायमचं चिकटणारं ५२०० वापरलं तर ते काढताना रंगही येतो आणि जीवही. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे टेफ-जेल (गंज रोखणारं मलम) लावाच, नाहीतर दोन वर्षांनी स्क्रू निघत नाहीत, तुटतात.

वळण सुटलं. समोरून येणाऱ्या लाटेत अजूनही अधूनमधून. एक बॅटरी पुढे, डेकखाली नेली. नाक थोडं बसलं, धपका कमी झाला, हवा थोडी कमी झाली. पण संपली नाही. कारण आता उरलंय ते टनेल स्वतः. लाटेचा घळ तळाखाली आला की हवा पुढून टनेलमध्ये शिरते आणि तिला बाजूला निसटायला जागा नसते. ती थेट इनटेकपर्यंत पोचवली जाते. सपाट तळाखाली तीच हवा कडेने निघून जाते. शिवाय टनेल म्हणजे ट्रान्समपाशी काढून घेतलेली तरंगण्याची जागा: एक फूट रुंद, सहा फूट लांब, सरासरी दीड इंच खोल धरा, पाऊण घनफूट. ४७ पौंडांचा आधार, नेमका जिथे मोटर आहे तिथून गेलेला.

इथपर्यंत लिहून झाल्यावर डोक्यात आलं की प्रश्नच उलटा विचारला जात होता. 'टनेलमधली हवा कशी बंद करायची' हे सोडा, टनेल मुळात हवंय कशाला? ते जेटच्या पायाला वर उचलतं, म्हणजे दगडावर इनटेक आपटू नये. ओझार्कच्या (मिसूरी-आर्कान्सातल्या डोंगराळ भागातल्या) नद्यांत, जिथे तळ दगडगोट्यांचा आहे, तिथे ते सोन्यासारखं. लोअर विस्कॉन्सिनची ९२ मैलांची पट्टी मुख्यतः वाळूची. वाळूवर पाय टेकला तर घासतो, तुटत नाही. वाळू आत ओढली जायची ती टनेल असूनही जाते, आणि तिच्यावर उपाय शिम आणि कानस हाच. म्हणजे विनेबागोवर जी किंमत मोजतोय ती अशा संरक्षणासाठी, ज्याची आपल्या नदीला फारशी गरज नाही.

म्हणून 'ब' बाद आणि यादीत 'ड': तोच १७५६, तोच ०.१२५ पत्रा, टनेलशिवाय. शक्य असेल तर ६०/४० ऐवजी ९०/६५. जेटमध्ये पॉवरहेडचा (इंजिनाचा) सुमारे तीस टक्के जोर जातो हे माहीत असूनही पहिल्या नोंदीत ६० पुरेल असं लिहिलं होतं. दोन माणसं आणि भरलेल्या लाइव्हवेलसकट (मासे जिवंत ठेवायच्या टाकीसकट) ते काठावर आहे. मात्र मोठी मोटर जड, म्हणून कपॅसिटी प्लेट (वजन आणि मोटरची मर्यादा लिहिलेली पट्टी) आधी वाचायची. अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा बोटीवर ती असायलाच हवी. उखडलेली असेल तर भाव करत बसू नका.

'अ'बद्दल थोडक्यात: बाजू २१ इंच, नदीत मजेत, तळ्यात फक्त सकाळच्या शांततेत. वेगळी बोट म्हणून उत्तम, एकमेव बोट म्हणून नाही. पुण्याहून विचारणा होती की उजनीवर जेट कसं: नकोच. गाळ आणि जलपर्णी जाळीला चिकटली की दर पाच मिनिटांनी मोटर बंद. तिथे 'अ'च्या मापाची बोट आणि छोटा प्रॉप बरा.

'क'ला शेवटचा निरोप देण्याआधी ट्रेलरवरच आत चार इंच पाणी भरून पाहिलं. तीन रिव्हेट पाझरत होते, सगळे मधल्या बाकाखाली, जिथे तळाला सर्वात जास्त धपके बसतात. ग्रीस पेन्सिलने खुणा करून मालकाला दाखवल्या. रिव्हेट पुन्हा ठोकून आतून ग्लुव्हिट (गळती बंद करणारा लेप) फिरवलं तर ती नुसत्या तळ्यासाठी छान बोट आहे, कुणाला हवी असेल तर विचारा.

'ड'सारखी एक बोट तळ्याच्या दक्षिण टोकाला, फॉन्ड डू लॅकच्या बाजूला विकायला दिसतेय, पण फोटोत तळाच्या मधोमध कीलची पट्टी थेट ट्रान्समपर्यंत आलेली आहे. ती तशीच राहिली तर पुन्हा इनटेकपुढे हवेची रेघ. शेवटचा भाग कापून टोक निमुळतं करावं लागेल, आणि ती पट्टी नुसती वेल्ड केलेली आहे की आत रिबला जोडलेली, हे खाली झोपून टॉर्च मारल्याशिवाय कळणार नाही. तिथला आणखी फोटो मागूनही मालकाने बाजूचाच पाठवला. येत्या शनिवारी सरळ पट्टी, फीलर गेज आणि जुनी सतरंजी घेऊन जायचं आहे.