राजापूरचं व्याख्यान आणि कशेळीचा हत्ती

राजापूरला लोक गंगा (तिथले अधूनमधूनच वाहणारे झरे) आली की जातात. मी गेले ते एका व्याख्यानासाठी. विषय होता कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) जमिनीतच कोरलेली चित्रं.

हे मुंबई विद्यापीठाचं बहिःशाल, म्हणजे विद्यापीठाबाहेर सर्वांसाठीचं व्याख्यान. वक्ता विद्यापीठाने पाठवायचा. जागा, सतरंज्या आणि माइक गावाने बघायचं. तिकीट नाही, पदवीची अट नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं आणि त्याची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत. पण फोर्टातला राजाबाई टॉवर इथल्या किती जणांनी जवळून पाहिलाय? विद्यापीठानेच एसटीच्या वाटेने इकडे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाचनालयाची खोली वेळेआधीच भरली. पुढे शाळेची पोरं, मागे निवृत्त शिक्षक, कडेला बाजारातून थेट आलेल्या बायका, मांडीवर पिशव्या. प्राध्यापक बाईंनी पडद्यावर राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावचा कोरलेला हत्ती दाखवला. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या! मग गेंडा आला. कोकणात आज गेंडा नाही, पण कोणीतरी तो कातळावर कोरलाय. म्हणजे तेव्हाचं रान, पाऊसपाणी वेगळं असेल का, असं त्यांनी पोरांनाच विचारलं. शिल्पांचं वय ठरवणं अवघड का, तेही सांगितलं. उघड्या कातळावर मातीचे थर साचत नाहीत, त्यामुळे थरांतून मिळणारा पुरावाच हाती लागत नाही.

खरा रंग भरला तो प्रश्नोत्तरांत. मागून एक आजोबा उठले. "बाई, आमच्या सड्यावर पण असं हाय. आम्ही त्याला पांडवांचं म्हणतो. गुरं राखताना तिथंच बसायचो."

बाई पडद्यापासून बाजूला आल्या, वही काढली. कुठली वाडी? जवळ पाणी आहे का? रेघ किती खोल? आजोबांनी तर्जनीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं, मग खाली बसून सतरंजीवर बोटाने आकृती काढली. सगळी खोली त्यांच्याभोवती गोळा झाली.

शेवटी कॉलेजच्या मुलांनी युवा महोत्सवासाठी बसवलेली नमनातली (नमन ही कोकणातली लोककला) गवळण केली. मृदंग फार छान वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कशेळी गाठली. आधी कनकादित्याचं दर्शन (हे सूर्यमंदिर चुकवू नका), मग सडा. उन्हं तिरपी होती तोवर कोरलेल्या रेघांत सावली भरली होती. ऊन डोक्यावर आलं तशा त्याच रेघा पुसट झाल्या. म्हणून भर दुपारी जाऊ नका. हत्तीची सोंड शोधत मी कडेकडेने पूर्ण फेरी मारली. आदल्या संध्याकाळी ऐकलं नसतं, तर कातळावरचे ओरखडे पाहून परतले असते.

२०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तरी सड्यांवर चिऱ्याच्या खाणी पडतात, रस्ते येतात, आणि माहीत नसलेलं शिल्प कोणाला न कळता जातं. ते माहीत असतं गुरं राखणाऱ्यांना. म्हणून पुढचं व्याख्यान आजोबांच्या वाडीत, एखाद्या खळ्यात ठेवा, असं मी आयोजकांना सांगितलं. शिमग्याला चाकरमानी घरी असतात, तेव्हाच ठेवू, असं ते म्हणाले. मी येणार आहे.