वहिनीच्या उपचारांचे पैसे

वहिनीच्या लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी आम्ही लोकांकडे मदत मागतोय. परवा डिचोलीच्या बाजारात एका ओळखीच्याने मला अडवलं. "दीनदयाळचं कार्ड असताना लोकांपुढे हात कशाला पसरता?"

प्रश्न वावगा नव्हता. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही सरकारी आरोग्य विमा योजना गोव्यात 2016 पासून आहे. पण चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यातून वर्षाला 4 लाखांपर्यंतच मदत मिळते. वहिनीच्या लिव्हर ट्रान्सप्लांटचा मुंबईतल्या हॉस्पिटलने दिलेला अंदाज 21 लाखांचा आहे. दादाच स्वतःच्या लिव्हरचा भाग देणार, म्हणजे ऑपरेशनं दोन, तपासण्या दोघांच्या. पुढे औषधं जन्मभर.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. वहिनीचा चवथीतला, म्हणजे गणेश चतुर्थीतला, फोटो दाखवून कुणी म्हणालं, "ही आजारी दिसते का?" तो फोटो मीच काढलाय. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, बसलेली, नवी साडी, हसरा चेहरा. नीट बघा, डोळ्यांत हळद उतरल्यासारखा पिवळेपणा आहे. आरतीला उभं राहवत नव्हतं, म्हणून तर ती बसली होती.

आजाराच्या नावाने फसवणारे असतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून विचारा, जरूर विचारा. पण आम्हाला विचारा. अंदाजाचा कागद मी सगळ्यांना दाखवतोय. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा, पावती तुमच्याच नावाची घ्या. तिचे रिपोर्ट मात्र गावभर फिरवणार नाही. दादाने तेवढं एकच मागितलंय माझ्याकडे.

अजून 6 लाख कमी आहेत.