कोल्हापूरची सुट्टी: वाकळ, वहाणा आणि गुऱ्हाळ

श्टुटगार्टला संसार मांडल्यापासून इथल्या लोकांची एक सवय मला फार आवडत आली आहे. छंदासाठी ही माणसं वेळ राखून ठेवतात. माझ्या ऑफिसातल्या एकाची मंगळवारी संध्याकाळी समूहगायनाची तालीम असते. त्या वेळेला त्याला कुणी मीटिंगला बोलावत नाही आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सत्तरी ओलांडल्यावर मातीकाम शिकायला लागल्या. त्यांचा वर्ग फोक्सहोखशूलेत भरतो. ही मोठ्या माणसांची शाळा जर्मनीत गावोगावी असते. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तिथे शिवण म्हणा, सुतारकाम म्हणा, एखादी परकी भाषा म्हणा, माफक फीमध्ये शिकता येते.

मुलांचंही तसंच. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो. त्याच्या आधी बालवाडीत आई-बाबांनी मुलांबरोबर बसून कागदी कंदील करायचे आणि मग अंधार पडला की ते काठीला अडकवून, गाणी म्हणत सगळ्यांनी मिळून फिरायचं. आपली दिवाळी त्याच्या थोडी अलीकडे येते, त्यामुळे आमच्या घरी आकाशकंदील आणि हे कंदील एकाच खोक्यातल्या कागदांतून होतात. बाल्कनीत मातीचा किल्लाही असतो. मावळे कोल्हापूरहून आणलेले आणि तटाखाली हळीव पेरलेले.

रविवारी इथे दुकानं कायद्यानंच बंद. मग लोक डबे भरतात आणि चालायला निघतात. आमच्या भागात श्वेबिशर आल्बफेराइन म्हणून १८८८ साली सुरू झालेली डोंगर-भटक्यांची संघटना आहे. रानातल्या वाटांवर त्यांच्या खुणा सगळीकडे दिसतात, त्यामुळे लहान मुलांना घेऊनही निर्धास्त जाता येतं. राज्याचं एक दिवसाचं तिकीट असतं, त्यावर पाच जणांपर्यंत लोकल गाड्यांतून फिरता येतं. आमचा मराठी मित्रमंडळींचा गट असाच बाड उराखच्या धबधब्याला जातो. ३७ मीटरवरून पाणी पडतं, खाली हिरवं शेवाळ, आणि आम्ही दगडांवर बसून थालीपीठ खातो. हे दिवस आम्हाला जगवतात, असं मी अगदी मनापासून म्हणते.

यंदा नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरला यायचं ठरलं, तेव्हा मी दादाला आणि वहिनीला आधीच फोनवर सांगितलं, की या वेळी नुसत्या भेटीगाठी नकोत. आपण सुट्टीवर येतो, घरोघरी जातो, प्रत्येक घरी पोहे आणि चहा होतो, "कधी आलीस, कधी निघणार" विचारलं जातं आणि ओटी भरून आपण बाहेर पडतो. त्यातली माया मला कळते. पण तासाभरात माणूस माणसाला काय सांगणार? मला त्यांच्याबरोबर काहीतरी करायचं होतं. वहिनी शिवाजी पेठेतली. ती लगेच म्हणाली, "मी तर कधीपासून म्हणतोय! तू ये, मी सगळ्यांना गोळा करतो."

सुरुवात घरच्या गच्चीवर झाली. आईनं माळ्यावरची ट्रंक उघडली आणि जुन्या सुती साड्या बाहेर काढल्या. आजीची दोन लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. वाकळ म्हणजे गोधडी. ती शिवायची तर साड्यांची घडी आधी नीट बसली पाहिजे. गच्चीवर सतरंजी टाकली, त्यावर खालचं अस्तर, मग विटक्या साड्यांचे थर, आणि सगळ्यात वर आजीचं हिरवं लुगडं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे जड सापडेल ते ठेवलं. कच्चे टाके घालून झाले, की कडेपासून आत शिवत जायचं. आई, आत्या, गल्लीतल्या दोन काकी, वहिनी, मी, भाची आणि माझी लेक, अशा आम्ही चारी बाजूंनी बसलो. प्रत्येकीचा धावदोरा वेगळा. आत्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि एका रेषेत. लेकीचा टाका लांब पडायचा. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. उद्या अंगावर घेतलीस की कळंल, हा माझा कोपरा."

उन्हं वर येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मग हळूहळू तोंडं उघडली. आत्यानं सांगितलं, की आजोबांची नोकरी सुटली तेव्हा तिनं दोन वर्षं गल्लीतल्या सगळ्यांचे ब्लाउज शिवले आणि माझ्या बाबांची कॉलेजची फी त्यातून गेली. मी चाळिशीला आले, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. आईला माहीत होती, पण तिनंही कधी काढली नव्हती. आत्याची नजर सुईवर होती, आमचीही सुईवर, म्हणून ती बोलू शकली असं मला वाटतं. समोरासमोर सोफ्यावर बसून, हातात चहाचा कप धरून, ती हे बोलली नसती.

वाकळ एका बैठकीत होत नाही. दुपारची जेवणं आटोपली की मंडळी पुन्हा वर यायची. दादानं गच्चीला हिरवी नेट बांधून दिली आणि भाचीनं मोबाइलवर गाणी लावायचं काम घेतलं. सुट्टीतली माझी सर्वांत चांगली वेळ कुठली, असं कुणी विचारलं तर ती ही.

चपलांचं प्रकरण लेकीमुळे निघालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नाव न घेता. त्यावर आपल्याकडे केवढा संताप झाला ते तुम्ही जाणता. नंतर कंपनीनं या चपलांचं मूळ भारतात असल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत माझ्या ऑफिसात ज्याला त्याला माझ्या पायांकडे बघायचं असायचं. लेकीला वर्गात त्यावर बोलायला सांगितलं होतं. तिनं मला विचारलं, "आई, पण त्या बनवतात कशा?" प्रश्न बरोबर होता. चप्पल लाईनीत जाऊन आपण घासाघीस करतो, जोडी घेतो आणि निघतो. करणाऱ्याच्या हाताकडे कितीजण बघतात?

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची सुभाषनगरात एका कारागिराच्या घरी ओळख होती. घर म्हणजेच कारखाना. मामा दारात पाट टाकून बसले होते, समोर दगड आणि पाण्यानं भरलेली घमेली. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून पकवलेलं असतं, त्याचा तो तुरट वास दारातच येतो. मामांनी भिजवलेलं चामडं दगडावर ठेवून ठोकलं, रापीनं तळ कापला, टाचेचे थर एकावर एक बसवले आणि आरीनं भोकं पाडत चामड्याच्याच वादीनं शिवत गेले. खिळा एकही नाही. कान कुठे बसवायचे ते त्यांनी मापपट्टी न लावता, नुसतं बोट ठेवून ठरवलं. आत मावशी पट्ट्यावरची वेणी विणत होत्या. चामड्याच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या, एकीखालून एक. त्यांनी लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि हातात एक तुकडा दिला. "ओढ बाळा, पर तोडू नगंस." लेकीनं बोटभर लांबीची वेणी घातली. मावशींनी ती उलगडून पुन्हा घातली, तिच्याकडे बघत, सावकाश, तिला कळेपर्यंत.

कापशी, पुकारी, बक्कलनाली हे चपलांचे प्रकार. ही सगळी या घरांतल्या बोटांमध्ये असलेली नावं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. पण मानांकनानं घरात पोरं या कामाला बसतील असं नाही. मामांचा मुलगा डिलिव्हरीच्या कामाला जातो. त्याला पुरेसे पैसे त्यातच मिळतात, असं मामांनी सांगितलं, आणि त्यांच्या बोलण्यात मुलाबद्दल जराही राग नव्हता. आम्ही त्यांच्याकडेच माप देऊन जोड्या करून घेतल्या आणि त्यांनी सांगितलेली किंमत दिली. दीड दिवसाचं काम डोळ्यांनी बघितल्यावर घासाघीस करायला जीभ उचलत नाही. तुम्ही कोल्हापूरकर गावातच आहात, तर मुलांना एकदा तरी असं घेऊन जा. आधी फोन करून, त्यांची सोय बघून जा, आणि जोडी तिथेच घ्या.

पन्हाळ्याला गेलो, तो कोल्हापूरकराचा हक्कच आहे. शहरापासून वीसेक किलोमीटर, सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, हे लेकीनं गाडीतच सगळ्यांना ऐकवलं. अंबरखान्यात शिरल्यावर ती वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्या दिवाळीत बाल्कनीतल्या किल्ल्याला धान्यकोठार हवं. तीन दरवाजा, सज्जा कोठी, झुणका-भाकर. बाकी तुम्हाला मी काय नवीन सांगणार!

गुऱ्हाळाला मात्र थांबले पाहिजे. माझ्या मामाचं गाव कागल तालुक्यात. त्याच्या शिवारात पूर्वी थंडीत जिकडे तिकडे धूर दिसायचा, आता बहुतेक ऊस कारखान्याला जातो आणि हे एक गुऱ्हाळ उरलंय. आम्ही सगळे, म्हणजे दोन गाड्या भरून, पहाटेच पोहोचलो. चुलवाणात चिपाडं धडधडत होती आणि वर काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या झाडाची सालं कुटून केलेलं बुळबुळीत पाणी रसात सोडतात. त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. रंग आधी हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. बुडबुडे मोठे होत जातात, आवाज बदलतो. गुळव्याचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. आम्ही काही विचारलं तरी तो हातानंच थांबा म्हणायचा. शेवटी त्यानं काठीच्या टोकावर थोडा पाक घेतला, गार पाण्यात बुडवला, बोटांनी त्याची गोळी केली आणि मान हलवली. त्याबरोबर चौघांनी धावत जाऊन काहील उचलली आणि वाफ्यात ओतली. अर्धा मिनिट उशीर झाला असता तर सगळं आदण वाया, असं मामा म्हणाला.

माझा नवरा पुण्याचा, इंजिनिअर. तो दिवसभर त्या गुळव्याच्या मागेमागे होता. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं हे त्याला ठाऊक होतं, पण तो ज्ञानाचा भाग झाला. कोमट गूळ आणि भाजके शेंगदाणे हातावर घेऊन तो बांधावर बसला होता आणि मामाशी ऊस, पाणी, मजूर यांवर बोलत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांना एवढा वेळ एकमेकांशी बोलताना मी याआधी पाहिलं नव्हतं.

खिद्रापूर शेवटच्या आठवड्यात झालं. माझी शाळेतली मैत्रीण चित्रकला शिकवते. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहमान यांनी रंकाळा आणि कोटीतीर्थ रंगवले, बाबूराव पेंटरांनी चित्रं आणि सिनेमा दोन्ही केले, आणि राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलादालनात आजही जाऊन त्यांचं काम बघता येतं. मैत्रिणीनं सगळ्या मुलांना एकेक कोरी वही आणि पेन्सिल दिली आणि अट घातली, की कोपेश्वराच्या देवळात फोटो नंतर, आधी चित्र. कृष्णाकाठचं हे शिलाहारांच्या काळातलं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप छताच्या मध्ये गोल उघडा आहे आणि खाली फरशीवर तेवढाच गोल दगड. मुलं भोवतीच्या खांबांना टेकून बसली. मोठी माणसं बाहेर गजपीठापाशी. जोत्यावरचे हत्ती एकसारखे दिसतात, पण काढायला बसलं की कळतं, प्रत्येकाचे दागिने वेगळे. भाचीनं एकाच हत्तीच्या गळ्यातल्या माळेवर तासभर घालवला. येताना नृसिंहवाडीला दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. गाडीत मुलं एकमेकांचे हत्ती बघत होती.

आता परत आलो आहोत. इथे चार वाजताच दिवे लागतात. वहिनीचा गट थांबलेला नाही. पुढच्या महिन्यात हुपरीला चांदीकाम बघायला जायचं त्यांनी पक्कं केलंय, गाडीही सांगितली आहे.

वाकळ मी बरोबर आणली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती उलटी करून टाके पाहिले आणि त्यांच्या शिवणाच्या गटात घेऊन या म्हणाल्या. तिथल्या बायकांना ती शिवायला शिकायची आहे. पण वाकळ नव्या कापडाची होत नाही, धुऊन मऊ झालेलं सुतीच लागतं, आणि ते इथे मिळत नाही. दादा मे महिन्यात इकडे येणार आहे, त्याच्या एका बॅगेत जागा राखून ठेवायला सांगितली आहे. तेव्हा ओळखीतल्या ज्या घरांत जुन्या सुती साड्या किंवा लुगडी पडून असतील, त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत आईकडे पोहोचवावीत. फाटकी चालतील, जरीची नकोत. साडी कुणाची होती ते एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.