सगळे सांगून टाकणारा सिनेमा

हल्लीच्या चित्रपटांत कथा राहिली नाही, माणसे राहिली नाहीत, उरला तो नुसता देखावा, अशी तक्रार चित्रपटांविषयीच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेत कोणी ना कोणी करतोच. तक्रार नवी नाही. रुडॉल्फ आर्नहाइम यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकानेही १९३२ मध्ये असे म्हणून ठेवले होते की, मूकपटांनी मेहनतीने कमावलेली दृश्यकला बोलपटांनी बिघडवली. आज तो आक्षेप वाचताना आपल्याला गंमत वाटते, कारण ज्या बोलपटांना आर्नहाइम नावे ठेवत होते त्यांच्याच नावाने आता आपण उसासे टाकतो. तरीही एखादी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या केली जाते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. या तक्रारीत तथ्य आहे असे मला वाटते. मात्र ते ज्या ठिकाणी शोधले जाते तिथे ते सापडत नाही.

सहसा असे होते की, जुन्या काळातील निवडक दहा-बारा चित्रपट आणि गेल्या महिन्यात प्रदर्शित झालेले सगळे चित्रपट यांची तुलना केली जाते. ही तुलनाच अन्यायाची आहे. जुन्या काळातही सुमार चित्रपटांचा रतीब चालूच होता. ते विस्मरणात गेले आणि चांगले तेवढे आठवणीत उरले. चांगले चित्रपट निघणे थांबलेले नाही, याची साक्ष समीक्षकच देतात. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातील समीक्षकांचे मत घेते. त्या पहिल्या खेपेला अव्वल ठरलेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ तेव्हा अवघा चार वर्षांचा होता, म्हणजे त्या काळच्या समीक्षकांना आपल्याच काळातील चित्रपटाला मान देण्यात संकोच वाटला नाही. २०२२ च्या यादीतही पहिल्या दहांत २००० आणि २००१ मधले चित्रपट आहेत, आणि २०१९ चा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ तिसाव्या स्थानावर आहे. त्यामुळे ‘आता कोणी चांगले चित्रपट काढतच नाही’ हा दावा टिकत नाही.

परंतु या यादीतील नवे चित्रपट किती जणांनी पाहिलेले असतात? फरक पडला आहे तो इथे. १९७९ मध्ये उत्तर अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट होता ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’, म्हणजे घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याची आणि त्यांच्या लहान मुलाची गोष्ट. १९८८ मध्ये तो मान ‘रेन मॅन’ला मिळाला, ती दोन भावांची गोष्ट. २०२४ मध्ये त्याच बाजारपेठेतील कमाईत पहिल्या दहा क्रमांकांवर आलेल्या चित्रपटांपैकी नऊ कुठल्या ना कुठल्या आधीच्या चित्रपटाचा पुढचा भाग होते आणि उरलेला एक गाजलेल्या संगीतनाटकावर बेतलेला होता. त्यांतले काही मला आवडले, हेही सांगून टाकतो. पण नात्यांच्या गुंत्यावरचा, कोणत्याही मालिकेचा भाग नसलेला, प्रौढ माणसांसाठीचा चित्रपट वर्षातला सर्वांत लोकप्रिय चित्रपट ठरू शकतो, ही गोष्ट आज कल्पनेतही येत नाही.

‘क्रेमर’ची गोष्ट थोडी तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण व्यक्तिरेखेची खोली म्हणजे काय हे तिच्यातून नेमके दिसते. जाहिरातक्षेत्रात नोकरी करणाऱ्या टेडला त्याची बायको जोआना एके रात्री सोडून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो आणि त्याला काहीच धड जमत नाही. तो मुलाला सारखे सांगत राहतो की मजा येते आहे, सगळे ठीक आहे, आणि शेवटी हात भाजून घेऊन संतापतो. चित्रपटाच्या अखेरीस, मुलाचा ताबा गमावल्यानंतर, बापलेक पुन्हा फ्रेंच टोस्ट करतात. या वेळी दोघांचे हात न बोलता एकमेकांच्या लयीत चालतात. मधल्या काळात हा माणूस बाप झाला आहे, असे कोणी कोणाला सांगत नाही. न्यायालयातही तेच. जोआनाला उलटतपासणीत विचारले जाते की आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या नात्यात तू अपयशी ठरलीस ना. तेव्हा तिच्याविरुद्ध लढणारा टेड आपल्या जागेवरून तिच्याकडे पाहत मान हलवून ‘नाही’ म्हणतो. वकिलाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि टेड कोण आहे हे त्या एका हालचालीत जितके कळते तितके दहा मिनिटांच्या भाषणातूनही कळले नसते.

हा चित्रपट निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. तो झुकतो टेडच्या बाजूने, आणि तेव्हाही त्यावर टीका झाली. जोआनाची भूमिका करणाऱ्या मेरिल स्ट्रीपने न्यायालयातील आपली साक्ष स्वतःच नव्याने लिहिली, त्यामुळे तिची बाजू निदान त्या प्रसंगात तरी उभी राहिली. पण दोन्ही पक्षांना आपापली कारणे आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात, हे मान्य करूनच हा चित्रपट चालतो.

खोलीचा अर्थ व्यक्तीविषयीची माहिती असा घेतला जातो, तिथे घोटाळा होतो. आजचे चित्रपट व्यक्तिरेखांविषयी कमी सांगतात असे नाही. उलट पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. खलनायक असा का झाला, त्याच्या लहानपणी काय घडले, कोणत्या जखमेतून त्याचे क्रौर्य जन्मले, याचा साद्यंत हिशेब दिला जातो, आणि अलीकडे तर त्यासाठी स्वतंत्र चित्रपट काढले जातात. हिशेब जुळला की माणूस समजला, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तसा समजलेला माणूस पडद्यावर फार काळ जिवंत राहत नाही. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनपटातील खलनायक जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या व्रणांची हकिकत दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो, एकदा बापाने केले म्हणून, एकदा बायकोसाठी स्वतःच केले म्हणून. खरे काय हे चित्रपट कधीच सांगत नाही, आणि म्हणूनच तो माणूस आपला पिच्छा सोडत नाही. हा सुपरहिरोपटच होता, अफाट खर्चाचा होता, एका मालिकेतला दुसरा भाग होता. तेव्हा भव्यता आणि खोली यांचे हाडवैर आहे, असे मानण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये याच पात्रावर निघालेल्या स्वतंत्र चित्रपटाने त्याचे दारिद्र्य, आजार, अपमान आणि आईचा इतिहास असे सगळे ओळीने मांडले. अभिनय असामान्य होता, काही गोष्टी खऱ्या की त्याच्या मनातल्या याची संदिग्धताही राखली होती, तरी पाहून झाल्यावर मला तो माणूस पहिल्यापेक्षा लहान झालेला वाटला.

हे असे का होते, याची उत्तरे बरीचशी पैशात आहेत. चित्रपट महिनोन्‌महिने चालत असे तेव्हा पाहून आलेला प्रेक्षक दुसऱ्याला सांगे आणि कानोकानी गर्दी वाढत जाई. आता हजारो पडद्यांवर एकाच दिवशी प्रदर्शन होते, जाहिरातीवर कधीकधी निर्मितीइतकाच पैसा ओतला जातो आणि पहिल्या तीन दिवसांत भवितव्य ठरते. तीन दिवसांत गर्दी खेचायची तर नाव आधीपासून ओळखीचे हवे. शिवाय मोठ्या अमेरिकी चित्रपटांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा परदेशांतून येतो; भाषेचे बारकावे, विनोदाची जात, बोलण्यातली आडवळणे अनुवादात गळतात, स्फोट मात्र कुठेही स्फोटच राहतो. मध्यम खर्चाच्या चित्रपटांना पूर्वी डीव्हीडीच्या विक्रीचा मोठा आधार होता, चित्रपटगृहात थोडे कमी चालले तरी भरपाई होत असे. ती बाजारपेठ कोसळली आणि निर्मात्यांनी हिशेब करून दोनच रस्ते ठेवले, अगदी महाग किंवा अगदी स्वस्त. ‘क्रेमर’ सुमारे ८० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने एकट्या उत्तर अमेरिकेत दहा कोटींहून अधिक कमावले. त्या आकाराच्या चित्रपटाची जागाच आता उरलेली नाही.

दुसरे कारण पाहण्याच्या सवयीत आहे, आणि मला ते अधिक गंभीर वाटते. घरी बसून, हातात फोन घेऊन, अर्धे लक्ष देऊन पाहणाऱ्या प्रेक्षकाला धागा सुटू नये म्हणून पात्रांनी आपण काय करतो आहोत ते तोंडाने सांगावे, अशा सूचना ओटीटी कंपन्यांकडून येतात, असे काही पटकथालेखकांनी पत्रकारांना सांगितले आहे. सूचना आली असो वा नसो, परिणाम दिसतोच. ‘मला तुझी भीती वाटते, कारण तू माझ्या वडिलांसारखा आहेस’ अशा थाटाची वाक्ये आता सर्रास ऐकू येतात. खऱ्या आयुष्यात असे वाक्य उच्चारण्याइतकी स्पष्टता माणसाला लाभली तर त्याचे निम्मे प्रश्न सुटतील. टेड आणि जोआना एकमेकांशी असे बोलू शकत असते, तर चित्रपटाची गरजच उरली नसती.

काही जण दोष वेगाला देतात. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांच्या अभ्यासानुसार १९३० ते १९६० या काळातील हॉलिवूडपटांत एक शॉट, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला एक अखंड तुकडा, सरासरी ८ ते ११ सेकंद टिकत असे. शतकाच्या अखेरीस ही सरासरी बहुतेक चित्रपटांत ३ ते ६ सेकंदांवर आली. आकडा बोलका आहे खरा, पण संथपणा म्हणजे खोली नव्हे, आणि महोत्सवांत फिरणाऱ्या कित्येक संथ चित्रपटांनी हे स्वतःच्या उदाहरणाने पुरेसे सिद्ध केले आहे. प्रश्न शॉट किती टिकतो हा नसून त्या वेळात प्रेक्षकावर काय सोपवले जाते हा आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ इथे आठवतो. एका शाहिरावरच्या खटल्याची ही गोष्ट; पण कामकाज संपले की कॅमेरा कधी बचावाच्या वकिलाच्या, कधी सरकारी वकिलाच्या मागोमाग निघतो. न्यायालयात कठोर कलमे सरळ सुरात वाचून दाखवणारी सरकारी वकील बाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. ती वाईट आहे असे चित्रपट म्हणत नाही, बिचारी आहे असेही म्हणत नाही. तिच्या सकाळच्या युक्तिवादाचा आणि संध्याकाळच्या हास्याचा संबंध कसा लावायचा, हे आपल्यावर टाकून तो पुढे जातो. तिच्या बालपणाचा एकही प्रसंग दाखवलेला नाही, आणि तरीही ती मला पुरती ओळखीची वाटते. असे चित्रपट आजही निघतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रेक्षकाला खटपट करावी लागते, एवढेच.

खोली आता चित्रपटांतून ओटीटीवरच्या मालिकांत गेली, असेही म्हटले जाते. काही मालिकांच्या बाबतीत ते खरे आहे, पण सरसकट नाही. आठ तास मिळाले की पात्राला वाढायला वाव मिळतो, हे कबूल. त्याचबरोबर पुढचा भाग पाहायला लावण्यासाठी प्रत्येक भागाच्या शेवटी एक कलाटणी द्यावी लागते, आणि अशा कलाटण्यांच्या ओझ्याखाली पात्रांचे स्वभाव वाकवले जातात. कालपर्यंत भित्रा असलेला माणूस पाचव्या भागात अचानक धाडसी होतो, कारण कथानकाला तिथे धाडसी माणूस हवा असतो. चित्रपटाला शेवट असतो, त्यामुळे पात्राने केलेली निवड परत घेता येत नाही. नव्या हंगामाची आशा लागलेल्या मालिकेत सगळेच परत घेता येते.

प्रेक्षकालाच आता हे नको आहे, या युक्तिवादाला २०२३ मध्ये अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या ‘ओपनहायमर’ने चोख उत्तर दिले. तीन तासांचा, बहुतांश खोल्यांमध्ये बसून बोलणाऱ्या माणसांचा हा चित्रपट जगभरात ९५ कोटी डॉलरहून अधिक कमावून गेला. त्याच्या नायकाने चौकशीत स्वतःचा बचाव नीट का केला नाही, ते प्रायश्चित्त होते की अहंकार, याचे उत्तर अखेरपर्यंत एका बाजूला झुकत नाही, आणि लोकांनी ते चालवून घेतले. मात्र असा चित्रपट एवढ्या प्रमाणावर काढू देण्याइतका विश्वास आज निर्माते क्रिस्टोफर नोलन यांच्यासारख्या एखाद-दुसऱ्या दिग्दर्शकावरच टाकतात, तोही त्यांनी आधी बॅटमॅनपट यशस्वी करून दाखवलेले असल्यामुळे. ‘क्रेमर’ दिग्दर्शित करणारे रॉबर्ट बेंटन यांच्या नावावर तोवर दोनच चित्रपट होते, आणि त्यांतला एकही असा खोऱ्याने पैसा ओढणारा नव्हता.