मिरची निघाली, मल्चिंग पेपर उकरला

उन्हाळ्यात सासवडजवळच्या तुकड्यात शेजारशेजारच्या दोन गादीवाफ्यांवर मिरची लावली. तण दाबायला आणि ओल टिकवायला एका वाफ्यावर नेहमीचा २५ मायक्रॉनचा चंदेरी-काळा पॉलिथिन पेपर अंथरला, दुसऱ्यावर १५ मायक्रॉनचा काळा कंपोस्टेबल, म्हणजे कुजणारा, पीबॅट (सूक्ष्मजीवांना पचणारं एक प्लॅस्टिक) आणि स्टार्चच्या मिश्रणाचा. ठिबक, खतं, रोपं सारखीच. आता मिरची काढली आणि वाफसा आल्यावर दोन्ही वाफे उकरले.

पिकात सांगण्यासारखा फरक नाही. चंदेरी वाफ्यावर फुलकिडे जरा कमी वाटले, पण ते श्रेय रंगाचं. लव्हाळ्याने कुणालाच जुमानलं नाही. त्याचा टोकदार कोंब पॉलिथिनही भोसकून वर येतो, मग १५ मायक्रॉनची काय कथा!

पाहण्यासारख्या होत्या त्या कडा. कंपोस्टेबल पेपर आधी विरला तो उन्हात तापणाऱ्या माथ्यावर नव्हे, तर मातीत दाबलेल्या कडेला. पहिल्या पावसाच्या आधी वारं सुटलं आणि एक बाजू उघडी पडून फडफडायला लागली. शेजारचे अण्णा बांधावरून म्हणाले, "अहो, एवढा महागाचा कागद अन् पापडासारखा मोडतोय की!"

मोडायचाच आहे तो, फक्त घाई झाली. कडेला ओल असते, जिवाणू आणि बुरशीही तिथेच. त्यांची एन्झाइमं पीबॅटमधले एस्टर बंध, म्हणजे साखळीतले सहज तुटणारे सांधे, तोडतात आणि सुटलेला कार्बन त्यांच्या पोटात जातो. झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कार्बन-१३ची (कार्बनचं जरा जड रूप, ज्याचा माग काढता येतो) खूण लावून हे दाखवलं: थोडा कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला, थोडा सूक्ष्मजीवांच्या शरीरात सापडला. पॉलिथिनच्या कार्बन-कार्बन साखळीत असे सहज तुटणारे बंधच नाहीत.

उकरल्यावर कंपोस्टेबलच्या कडेचे मऊ कपटे निघाले, बोटांत चुरगळणारे. काहींतून पांढरी मुळं आरपार गेलेली. माथ्याचा पेपर अजून बराच शाबूत आहे, तो तसाच मातीत मिसळला. पॉलिथिन ओढल्यावर बहुतेक अख्खा आला, पण भोकांभोवतीच्या चिंध्या मागे राहिल्याच. माती चाळली तर नखाएवढे चंदेरी तुकडे चाळणीत. रोटाव्हेटर फिरला असता तर तेही दिसले नसते. चीनमध्ये वर्षानुवर्षं पातळ फिल्म वापरून असेच तुकडे साठले आणि पाणी व मुळं अडू लागली. म्हणून २०१७च्या मानकात किमान जाडी ०.००८वरून ०.०१० मिमी केली, निदान पेपर गोळा तरी करता यावा म्हणून. त्यामुळे पॉलिथिनच वापरणार असाल तर जाड घ्या आणि न फाडता काढा. स्वस्तातला पातळ रोल शेवटी महाग पडतो.

आणखी एक. रोलवर नुसतं 'कंपोस्टेबल' लिहिलंय म्हणून भुलू नका. त्या शिक्क्यामागची चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कारखानी खतढिगाची असते; आपली माती एवढी तापत नाही. दुकानदाराला ईएन १७०३३ विचारा. २०१८चं हे युरोपीय मानक खास मल्च फिल्मचं आहे: साध्या तापमानाच्या मातीत दोन वर्षांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर. 'ऑक्सो' (लवकर तुकडे पडावेत म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लॅस्टिक) लिहिलेलं मात्र हातात घेऊ नका; ते नुसतं तुकडे होतं. युरोपात २०२१ पासून त्यावर बंदी आहे.

दोन्ही पेपरांचे तुकडे जाळीच्या पिशव्यांत भरून वीतभर खोल पुरलेत. जाळी मुद्दाम बारीक घेतली, कारण तुकडे गळून गेले म्हणजे पचले असं होत नाही. पुढच्या वाफ्यावर काकडी, कंपोस्टेबलवरच, पण कडा जास्त खोल दाबून. तिसऱ्यावर उसाचं पाचट.